प्राध्यापक, सुकार्नो आणि बावुक

[दृश्य: जुना टीव्ही संच. पडद्यावर आधी मुंग्या, मग चित्र स्थिर होतं.]

१९८० च्या दशकातला इंडोनेशिया. सप्टेंबरची ३० तारीख. सरकारी टीव्हीवर दरवर्षी या दिवशी एकच सिनेमा लागायचा, साडेचार तासांचा. शाळकरी मुलांना तो थिएटरात नेऊनही दाखवला गेला. १९६५ साली त्या रात्री सहा लष्करी सेनापतींना कम्युनिस्टांनी कसं मारलं, याची लष्करशहा सुहार्तो यांच्या सरकारला हवी तशी गोष्ट. पुढच्या काही महिन्यांत कम्युनिस्ट ठरवून जी माणसं मारली गेली, ती किमान पाच लाख असावीत असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांच्याविषयी सिनेमात अवाक्षर नाही.

या सिनेमात राष्ट्राध्यक्ष सुकार्नो झालेला माणूस व्यवसायाने नट नव्हता. ते योग्यकार्ता शहरातल्या गाजा मादा विद्यापीठातले प्राध्यापक होते. उमर कायम.

[दृश्य: पूर्व जावातली भातखाचरं.]

जन्म १९३२, पूर्व जावातलं ङावी. नाव ठेवलं ते रुबायांच्या फारसी कवीवरून, उमर खय्यामवरून. आपल्या कानाला मात्र ‘कायम’ म्हटलं की नोकरीच आठवते, आणि हे गृहस्थ तर एका खुर्चीत कायम राहणाऱ्यांतले नव्हते. योग्यकार्तात शिक्षण, मग न्यूयॉर्क, मग कॉर्नेल विद्यापीठ. १९६५ ची डॉक्टरेट समाजविकासाच्या कामातल्या सरकारी खात्यांच्या समन्वयावर. विषय ऐकूनच जांभई यावी!

पण याच अमेरिकेतल्या मुक्कामातून त्यांची सर्वात गाजलेली कथा आली, मॅनहॅटनमधल्या हजार काजव्यांची. घटस्फोटित जेन आणि जावाहून आलेला मार्नो, एका फ्लॅटमध्ये, हातात ग्लास. मार्नो खिडकीशी उभा आहे. खाली शहराचे दिवे लुकलुकतात आणि त्याला गावाकडचे काजवे आठवतात. बाकी कथेत फारसं काही घडत नाही. तो उठून जातो, ती रडते.

१९६६ ते ६९ ते रेडिओ, टेलिव्हिजन आणि चित्रपट खात्याचे महासंचालक होते, म्हणजे नव्या सुहार्तो राजवटीचेच अधिकारी. नंतर जकार्ता कला परिषदेचे अध्यक्ष. हे लक्षात ठेवून पुढचं ऐका.

[दृश्य: जुनं जावानी घर. रिकामी बैठक.]

१९७० साली त्यांनी ‘बावुक’ लिहिली. बावुक ही डच काळातल्या एका सरकारी अधिकाऱ्याची धाकटी, लाडकी लेक. तिचा नवरा हसन कम्युनिस्ट कार्यकर्ता, आता फरारी. दोन मुलांना आईकडे सोडायला ती माहेरी येते. सगळी भावंडं जमतात. मुलांचं बघ, हसनला सोड, असं तिला समजावतात. समजावणाऱ्यांत एक ब्रिगेडियर जनरल आहे, एक महासंचालक आहे, एक गाजा मादाचा प्राध्यापक आहे. लेखकाने आपल्या दोन्ही खुर्च्या त्या बैठकीत मांडून ठेवल्या आहेत! योगायोग म्हणावा, तर माझं मन मानत नाही. बावुक कुणाचं ऐकत नाही. रात्रीच निघते, नवऱ्याच्या शोधात.

[दृश्य: वायांग कुलित. पडद्यामागे दिवा, पुढे सावल्या.]

दुसरी दीर्घकथा ‘स्री सुमाराह’. सुमाराह म्हणजे सगळं सोपवून दिलेली, शरणागत. आजीने स्रीला शिकवण दिली ती सुभद्रेची. जावात महाभारत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांतून जगतं, आणि तिथली सुभद्रा म्हणजे अर्जुनाच्या सगळ्या लग्नांपुढेही शांत राहणारी बायको. आपल्या नाट्यसंगीतातली सुभद्रा दादाने ठरवलेल्या लग्नाविरुद्ध उभी राहते, ही वेगळीच. स्री विधवा होते. जावई राजकारणापायी मारला जातो, लेक तुरुंगात जाते. नातीला वाढवायला ही मास्तरांची बायको लोकांची अंगं रगडून देते. सोसण्याचा आदर्श किती ताणता येतो, हे उमर कायम शेवटपर्यंत तपासत राहतात, आणि आजीला दोष न देता.

[दृश्य: योग्यकार्ता. सायकली, वर्तमानपत्राचा स्टॉल.]

१९८७ पासून ‘कदाउलातान राक्यात’ या योग्यकार्ताच्या दैनिकात त्यांचं सदर सुरू झालं. त्यातला प्राध्यापक पाक आगेंग, त्याच्या स्वयंपाकघराचा कारभारी मिस्टर रिगेन, आणि दारावर भाजलेली कोंबडी विकायला येणारा म्हातारा. पुस्तकाचं नाव झालं जावानी म्हण: जेवायला असो नसो, एकत्र असू.

मग १९९२ ची ‘पारा प्रियायी’. प्रियायी म्हणजे जावातला सरकारदरबारी नोकरी करणारा पांढरपेशा वर्ग. शेतकऱ्याचा पोर सुदार्सोनो शिकतो, मास्तर होतो आणि नावही भारदस्त घेतो: सास्त्रोदार्सोनो. त्याच्या घरी तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, विकणारीचा मुलगा वागे आश्रयाला येतो. घर त्यालाही नवं नाव देतं, लांतिप. शेवटी म्हाताऱ्याच्या कबरीपाशी कुटुंबाच्या वतीने बोलायला कुणी उभं राहायचं? पोटच्या मुलांऐवजी हा लांतिप बोलतो.

[दृश्य: जकार्ता, मे १९९८. विद्यार्थ्यांची गर्दी.]

१९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले आणि त्या सप्टेंबरपासून सरकारी टीव्हीवरचा दरवर्षीचा तो सिनेमाही थांबला. प्राध्यापकांना आणखी चारच वर्षं मिळाली. १६ मार्च २००२ ला जकार्तात ते गेले. त्याआधी, १९९९ मध्ये, त्यांनी सास्त्रोदार्सोनोच्या घराची पुढची गोष्ट छापली: ‘जालान मेनिकुंग’, वळणाचा रस्ता. नातू हरिमूर्ती १९६५ नंतर तुरुंगात जाऊन आलेला. कितीतरी वर्षं उलटल्यावर कचेरीत पुन्हा विचारणा सुरू होते की कुणाची पार्श्वभूमी ‘स्वच्छ’, म्हणजे कम्युनिस्टांशी संबंध नसलेली, आहे. हरिमूर्तीची नोकरी जाते.

त्याचा मुलगा एको तेव्हा अमेरिकेत शिकतोय. घरून त्याला निरोप जातो: इतक्यात परत येऊ नकोस.