रात्री दार कुणी उघडलं?

नमस्कार श्रोतेहो.

सांगलीच्या गावभागात एका छोट्या वाचनालयात गेली २२ वर्षं मी पुस्तकांची देवघेव बघते. टेबलापलीकडून एक प्रश्न हमखास येतो. ‘ताई, ही नटनट्यांची, खेळाडूंची आत्मचरित्रं वाचण्यासारखी असतात का हो? नुसती व्यसनं, भानगडी आणि रडारड. त्यापेक्षा चांगली कादंबरी द्या.’

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. वाचावीत. जरूर वाचावीत. मात्र त्यात एक गोष्ट आहे की नाही, ते बघून वाचावीत. ती गोष्ट कोणती, हे मला आमच्या बोळातल्या भडंगवाल्या मावशींनी शिकवलं.

मावशी घरी भडंग करून विकायच्या. लसूण सालीसकट ठेचलेला, चुरचुरीत तळलेला, शेंगदाणा खमंग. हल्ली भडंगात साखर लागते, ती मला अजिबात पटत नाही. भडंग तिखटच हवं. तर मावशी पुडे बांधायच्या रद्दीच्या कागदात, आणि कागद वाचल्याशिवाय त्यांच्याच्यानं पुडा बांधवत नसे. एकदा एका रविवारच्या पुरवणीत कुणा सिनेनटाच्या आठवणी निघाल्या. व्यसन लागलं, कामं गेली, पुन्हा उभा राहिला. कागद नेमका अर्ध्यावर फाटलेला. मावशी तिखटाच्या हातानं तशाच वाचनालयात आल्या. ‘ताई, ह्याचं म्होरं काय झालं?’

त्यांना ते का हवं होतं, हे सगळ्या बोळाला ठाऊक होतं. त्यांचा मुलगा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हमाली करायचा. सौद्याच्या दिवसांत पैसा बरा मिळे, आणि तो सगळा दारूत जाई.

मी ते पुस्तक काढून दिलं. जाडजूड, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर नटाचा भलामोठा चेहरा. आठ दिवसांनी मावशींनी ते परत आणलं.

‘वाचलं?’

‘वाचलं की. पर ताई, ह्यो बाबा तीन वर्सं प्याला म्हंतो. रातचा घरी येत आसंल का न्हाई? मग दार कुणी उघडलं? त्ये तर कुटंच न्हाई ह्यात.’

मी गप्प झाले. ते पुस्तक मी वाचलेलं होतं, मला आवडलंही होतं. त्या रात्री पुन्हा उघडलं. मेजवान्या होत्या, गाड्या होत्या, दवाखाना होता, शेवटी पुरस्कार होता. बायको एका वाक्यात: ‘तिनं मला साथ दिली.’ आई फक्त अर्पणपत्रिकेत. रात्री दोन वाजता कडी काढणारं माणूस त्या पुस्तकात नव्हतंच.

मग मी मावशींना अभिनेत्री हंसा वाडकर यांचं आत्मचरित्र ‘सांगत्ये ऐका’ दिलं. हे पुस्तक लहान आहे, पण मावशींना महिना लागला. रोज निजताना दोन पानं. आणि महिन्यानंतर पुस्तक परत घेऊन आला तो त्यांचा मुलगा. यार्डातून थेट आलेला, हात कोपरापर्यंत पिवळे. म्हणाला, ‘मॅडम, डाग पडल्यात. दंड घ्या.’

आई पुस्तक देवळीत ठेवायची, हा ते कामावर न्यायचा आणि दुपारी पोत्यांच्या थप्पीवर बसून वाचायचा. मी पानं उलटली. (पुस्तकाची पानं दुमडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, हे जाता जाता सांगते. खुणेला बसचं तिकीटही चालतं.) सुरुवातीच्या, लहानपणीच्या पानांवर अंगठ्याचे पुसट ठसे होते. दारूचा विषय आला, तिथं ठसे गडद झाले. एकाच पानावर तीन तीन. तो तिथं पुन्हा पुन्हा आला होता.

मी दंड घेतला नाही. तो जायला वळला, थांबला आणि म्हणाला, ‘बाईनं सोत्ताचं काय झाकलं न्हाई. आसं आनिक कुनाचं हाय का?’

पुस्तकानं दारू सुटते, असं मी म्हणणार नाही. त्याला उपचारच लागतात. तो उपचारांना गेला, दोनदा गेला. पण जायच्या आधी त्यानं पुस्तक मागितलं होतं, हे मी विसरत नाही.

आता थोडं हंसाबाईंबद्दल. मूळ नाव रतन साळगावकर, जन्म १९२३ चा. १९४१ मध्ये ‘प्रभात’च्या चित्रपटात त्यांनी संत सखू उभी केली. सखू म्हणजे आपल्या कृष्णाकाठच्या कऱ्हाडची. ‘सांगत्ये ऐका’ हे नाव त्यांच्या १९५९ च्या गाजलेल्या तमाशापटाचं. तेच १९७० मध्ये पुस्तकाला दिलं, आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्यांनी सांगितलं आणि अरुण साधूंनी शब्दांत उतरवलं. लिहून घेणाऱ्याचं नाव पुस्तकावर ठळक असावं, असं माझं ठाम मत आहे. आठवणी एकाच्या असल्या तरी वाक्यं दुसऱ्याची असतात, आणि ते वाचकाला कळलंच पाहिजे.

टेनिसपटू आंद्रे आगासीनं २००९ च्या आत्मचरित्रात असंच धाडस केलं. १९९७ मध्ये तो उत्तेजक चाचणीत सापडला होता. अमली पदार्थ सहायकाच्या पेयातून चुकून पोटात गेला, असं खोटं त्यानं कळवलं, आणि ते खपून गेलं. हे त्यानं निवृत्तीनंतर स्वतःहून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. टीका झाली ती सोसली. वाईट दिवसांच्या पुस्तकात मी हेच शोधते: आपल्यामुळे दुसऱ्याला काय भोगावं लागलं, कुणाच्या नावावर आपण काय खपवलं. मावशींच्या भाषेत, दार कुणी उघडलं. पहिली पन्नास पानं चाळा. दार उघडणारं माणूस दिसलं तर पुस्तक घरी न्या. नाही दिसलं तर खुशाल परत ठेवा.

२०१९ च्या महापुरात आमची खालची दोन कपाटं गेली. हंसाबाईंची ती प्रत तेव्हा विश्रामबागेत एका वाचकाकडे होती, म्हणून वाचली. बांधणी नवी केली आहे, पानं तीच आहेत, अजून पिवळी. आलात तर मागून घ्या. नमस्कार.