गाणं आधी, भूकंप नंतर

श्रोतेहो, जय ख्रिस्त.

रात्रीचे दोन वाजलेत. दवाखान्याच्या वॉर्डाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तुम्ही बसलात, मांडीवर थर्मास, आणि आपलं माणूस आत. अशा वेळी कुणी म्हणालं, ‘देवाची स्तुती करा’, तर राग येतो. मला आला होता. आई आत होती, बिलाचा आकडा रोज चढत होता, आणि एक नातेवाईक फोनवर सांगत होते, ‘सगळ्याबद्दल आभार मान बाबा!’ मी फोन ठेवून दिला. तोंडातून ‘प्रभू’ एवढा शब्दही फुटत नव्हता.

त्याच खुर्चीत मी बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सोळावा अध्याय उघडला. ख्रिस्ताचे प्रचारक पौल आणि सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात मध्यरात्री गातात, ती गोष्ट. लहानपणी रविवारच्या शाळेत आम्हाला त्यातला भूकंपच आवडायचा. दारं उघडतात, बेड्या गळतात! त्या रात्री मात्र नजर भलत्याच ठिकाणी अडली. तुरुंगाचा नायक त्यांच्या जखमा धुतो, पण कधी? भूकंपानंतर. म्हणजे ते गात होते तेव्हा छड्यांचे वळ तसेच होते, धुतलेले नव्हते. पाय खोड्यात. सकाळी काय होणार, ठाऊक नाही. गाणं आधी, भूकंप नंतर. आणि बाकीचे कैदी ऐकत होते, एवढं हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं आवर्जून लिहून ठेवलंय.

बायबलच्याच स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्रही काढून बघा. जेमतेम सहा वचनं. पहिल्या दोनातच चार वेळा तोच प्रश्न: किती काळ, परमेश्वरा, किती काळ? ही काय गोड प्रार्थना झाली? ही तक्रार आहे, आणि ती पवित्र शास्त्रात छापलेली आहे. शेवटच्या दोन वचनांत तोच माणूस म्हणतो, मी गाईन. मधे काय झालं? शत्रू गेला, दुखणं हटलं, असं कुठेच लिहिलेलं नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर गाण्यापर्यंत पोहोचतच नाही, अंधारातच संपतं. तेही आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, हे स्तुतीची घाई करणाऱ्यांनी जरा ध्यानात घ्यावं.

आपल्या पंडिता रमाबाईच घ्या. 1870 च्या दशकात दुष्काळानं त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण ओढून नेली. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना होती, भजनं होती, आणि विहिरी खणणं, शेती, छापखानाही होता. मला वाटतं, त्यांच्या लेखी ही दोन वेगळी कामं नव्हतीच.

हं, तर त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. पहाटे मला आत सोडलं. आईच्या तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. आमच्या मंडळीत कितीतरी वर्षं टाळ धरायची ती. मी जवळ उभा राहिलो, तर तिची दोन बोटं खाटेच्या लोखंडी कठड्यावर हळूच वाजत होती. टक, टक-टक. ठेका ओळखीचा होता. मी कुठलं गाणं म्हणून विचारलं, तर तिनं डोळ्यांनीच दटावलं: विचारतोस काय, म्हण! शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची झोपमोड होऊ नये म्हणून मी अगदी हळू म्हटलं. दुसऱ्या कडव्याला आजोबाच म्हणाले, ‘जरा मोठ्यानं.’

आज रात्री तुमच्यापैकी कुणी जागं असेल, तर ते तेरावं स्तोत्र वाचा. पहिली चार वचनं मनापासून, हवं तर रागानं म्हणा. शेवटची दोन ओठांवर आली नाहीत, तर राहू द्या. उद्या म्हणू.