गल्ल्यामागचा माणूस

सन 1927. अमेरिकेतील डॅलस शहरात साउथलँड आइस कंपनीच्या बर्फविक्री केंद्रावर जॉन जेफर्सन ग्रीन नावाचे कर्मचारी काम करीत होते. घरोघरी फ्रिज पोहोचले नव्हते, त्यामुळे बर्फाचे केंद्र संध्याकाळी उशिरापर्यंत आणि रविवारीही उघडे असे; किराणा दुकाने मात्र त्या वेळी बंद असत. बर्फ न्यायला आलेली माणसे दूध, पाव आणि अंडी कुठे मिळतील असे विचारतात, हे ग्रीन यांनी हेरले आणि त्या वस्तू बर्फाशेजारीच विकायला सुरुवात केली. हीच कंपनी पुढे सेव्हन-इलेव्हन म्हणून ओळखली जाऊ लागली; रोजच्या गरजेच्या वस्तू उशिरापर्यंत विकणाऱ्या छोट्या दुकानांची (कन्व्हिनियन्स स्टोअर) ही साखळी. सकाळी सात ते रात्री अकरा या वेळेवरून 1946 मध्ये तिच्या दुकानांना हे नाव मिळाले. गिऱ्हाइकाचे बोलणे लक्ष देऊन ऐकणाऱ्या एका कर्मचाऱ्यामुळे जो व्यवसाय उभा राहिला, त्याच व्यवसायाला आज चांगले कर्मचारी टिकवणे जड जाते.

अशा दुकानाच्या गल्ल्यावरचा माणूस एका पाळीत काय काय करतो, ते पाहा. तो पैसे घेतो, कॉफी भरून ठेवतो, बाहेरच्या पेट्रोल पंपाकडे लक्ष ठेवतो, सिगारेट मागणाऱ्याचे वय तपासतो, आणि मधल्या वेळेत फरशीही पुसतो. या कामाला अकुशल म्हणण्याची पद्धत आहे, पण ती चुकीची आहे. कोणत्या गिऱ्हाइकाला सकाळी काय लागते आणि कोणता माल शुक्रवारी संपतो, हे ज्याला पाठ असते, तो निघून गेला की ती सारी माहिती त्याच्याबरोबर जाते.

अमेरिकेतील या दुकानांत कर्मचाऱ्यांच्या गळतीचे वार्षिक प्रमाण अनेकदा 100 टक्क्यांच्या वर गेलेले आहे. म्हणजे दहा जागांसाठी वर्षभरात दहाहून अधिक जण सोडून जातात. संघीय किमान वेतन 2009 पासून ताशी 7.25 डॉलरवरच थांबलेले असल्याने पगार हे पहिले कारण आहेच. परंतु थोडा पगार वाढवूनही माणूस थांबत नाही, तेव्हा त्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक पाहावे. पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती तास काम मिळेल हे ज्याला ठाऊक नसते, तो मुलाला शाळेतून कोण आणणार हे ठरवू शकत नाही, आणि घरभाड्याचा हिशेबही करू शकत नाही. त्यातच कोणी आजारी पडले की रात्रपाळी संपवून दमलेल्या माणसालाच आणखी थांबायला सांगितले जाते.

ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे 1958 मध्ये सुरू झालेल्या क्विकट्रिप या अशाच दुकानांच्या कंपनीने या अडचणीवर सरळ उपाय शोधला. एकाच दुकानाशी न बांधलेले, प्रशिक्षित बदली कर्मचारी या कंपनीने ठेवले; कोणी रजेवर गेले की ते त्या दुकानात जाऊन उभे राहतात. शिवाय दुकानाचे व्यवस्थापक गल्ल्यावर काम केलेल्यांमधूनच निवडण्याचा तिचा शिरस्ता आहे. बदली माणसांचा पगार वरवर पाहता जादा खर्च वाटतो, पण तो न करणारा मालक त्याची किंमत पुन्हापुन्हा नवा माणूस शिकवण्यात मोजतो.

हा प्रश्न आपल्याकडेही आलेला आहे. सेव्हन-इलेव्हनचे भारतातील पहिले दुकान 2021 मध्ये मुंबईत अंधेरीला उघडले. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षाचे 365 दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली, त्याचबरोबर कर्मचाऱ्याला आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी देण्याचे बंधनही घातले. त्या सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावर कोण उभे राहणार, याची तजवीज मालकाला आधीच करावी लागते.

माणूस टिकवण्याचा आणखी एक मार्ग अमेरिकेतच सापडतो. पेनसिल्व्हेनियातील वावा या अशाच दुकानांच्या कंपनीने 1992 मध्ये कर्मचाऱ्यांना मालकीत वाटा देणारी योजना सुरू केली. तेथे कॉफी भरणाऱ्या माणसाच्याही नावावर, ठरावीक अटी पूर्ण झाल्यावर, कंपनीचे समभाग जमा होतात.

राहता राहिली रात्र. फ्लोरिडातील गेन्सव्हिल शहराने 1980 च्या दशकात दरोड्यांना आळा घालण्यासाठी अशा दुकानांत रात्री दोन कर्मचारी असणे सक्तीचे केले. काचेवरच्या जाहिराती काढाव्यात म्हणजे रस्त्यावरून गल्ला दिसेल, गल्ल्यात रोकड थोडी ठेवावी, वाहनतळावर भरपूर उजेड असावा, असे उपायही त्यासाठी सुचवले जातात. पहाटे तीन वाजता दार उघडते, तेव्हा गल्ल्यामागचा माणूस आत येणाऱ्याच्या हातांकडे आधी पाहतो. शेजारी दुसरा सहकारी उभा असेल, तर हाच माणूस येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून नमस्कार करू शकतो.