पुरुमेंत आणि ते दहा दिवस

नमस्कार श्रोतेहो.

मडगावला होली स्पिरिट चर्चसमोर पुरुमेंताची फेरी, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायच्या जिनसांची जत्रा, भरली, की मला दरवर्षी एकच बरणी आठवते. त्या बरणीची गोष्ट सांगायचीच आहे, पण आधी थोडं दहा दिवसांविषयी.

पुनरुत्थानानंतर चाळीस दिवसांनी येशूचं स्वर्गारोहण झालं. जाताना तो शिष्यांना म्हणाला, यरुशलेम सोडू नका, पित्यानं दिलेल्या वचनाची वाट पाहा. किती दिवस, ते काही सांगितलं नाही. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टला, पवित्र आत्मा आला. मधले राहिले दहा दिवस. हे दहा दिवस लक्षात ठेवा. गुरू डोळ्यांसमोर नाही, वचन पुरं झालेलं नाही, आणि माडीवरच्या खोलीत माणसं बसून आहेत. आपण नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, म्हणतो ना, तिचं मूळ याच दिवसांच्या प्रार्थनेत सांगतात.

आता गोष्ट. साल १९९३. मी नगरचा, मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढलेला. नोकरीनिमित्त मडगावला आलो आणि बोर्ड्याला एका घरात भाडेकरू म्हणून राहिलो. मालकीणबाईंना मी आंटी म्हणायचो, त्या मला ‘पुता’, म्हणजे बाळा. अंकल तारवटी. आखातातल्या बोटीवर नऊ महिने, घरी तीन. दर खेपेला त्यांच्या बॅगेत आंटींनी घातलेल्या मिस्कुटाची, म्हणजे भरल्या कैरीच्या लोणच्याची, बरणी जायची. कपडे कमी घेतील, पण बरणी हवीच.

त्या वर्षी स्वर्गारोहणाच्या आदल्या दिवशी शेजारच्या घरी फोन आला. अंकल बोटीवरच गेले, झोपेत. पार्थिव यायला वेळ लागेल. किती वेळ? सांगता येत नाही. मृत्यूचा दाखला, वकिलातीचं पत्र, मग विमानात जागा. रोज संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायचा, रोज कोणी तरी फोनशी जाऊन बसायचं, आणि रोज उत्तर तेच. उद्या.

दुःख करायलासुद्धा काही तरी समोर लागतं हो. पेटी नाही, माती नाही, फुलं कुठे ठेवायची?

पेंटेकॉस्टचा रविवार आला. चर्चमधली मीस, म्हणजे उपासना, संपली आणि आंटी मला म्हणाल्या, “पुता, दोन पोत्यो घे. फेरयेक वचूंया.” दोन पोती घे, फेरीला जाऊया. मी बघतच राहिलो. गल्लीतल्या बायकाही बघत राहिल्या. काळी साडी नेसलेली बाई, नवरा अजून परदेशातल्या शवागारात, आणि ही सुके बांगडे निवडत बसलीय! एक जण तर तोंडावर बोलली. आंटींनी नुसतं एवढंच म्हटलं, “पावस कोणाखातीर रावना.” पाऊस कोणासाठी थांबत नाही.

मग त्यांनी घेतलं. कांद्याच्या माळी, सोलं, चिंच, गावठी मीठ, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, मिरची. दरवर्षी जेवढं घ्यायच्या तेवढंच. मी हिशेब घालत होतो, की एकट्या बाईला एवढं कशाला? त्यांचा हिशेब वेगळा होता. माती द्यायला माणसं येतील, त्यांना पेज लागेल. सातव्या दिवसाची मीस, महिन्याची मीस. पावसात मासळी कुठून आणायची?

(जाता जाता सांगतो, हल्ली सुकी मासळी प्लास्टिकच्या सीलबंद पिशवीत मिळते. तिला वास नाही, म्हणजे चवही नाही. मी घेत नाही.)

घरी आल्यावर त्यांनी कैऱ्या चिरल्या, मसाला भरला आणि मिस्कूट घातलं. त्याच बरणीत. आता ही कोणाबरोबर पाठवणार, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही ते बरं.

पाच जूनला पेटी दाबोळीच्या विमानतळावर उतरली. एकूण सतरा दिवस. दुसऱ्या दिवशी भर पावसात माती दिली. सिमितेरीतून, म्हणजे दफनभूमीतून, आलेल्या ओल्या माणसांना आंटींच्या घरी गरम पेज आणि भाजलेला बांगडा मिळाला.

अशा वेळी काही उपदेशक, आमच्या मंडळीतलेही, म्हणतात, रडू नका, तो देवाघरी गेला. मला हे मुळीच पटत नाही. मेलेल्या लाजराला आता जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या कबरीकडे जाताना येशू रडला. प्रेषित पौलानं थेस्सलनीकाकरांना पत्रात लिहिलं तेही नीट वाचा. शोक करू नका असं तो म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, म्हणतो. पुन्हा सांगतो, शोक करू नका असं म्हणत नाही. आणि रोमकरांस तो लिहितो, जे दिसतं त्याची आशा कोण धरील? न दिसणाऱ्याची आपण धीरानं वाट पाहतो. आंटींनी हे पत्र कधी वाचलं होतं की नाही, कोण जाणे. त्या पोती उचलायला सांगत होत्या.

आणखी एक. ख्रिस्ती प्रार्थना मराठीत केली की आजही कोणी मला विचारतं, तुम्ही घाटावरचे का? अहो, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी इथेच, गोव्यातल्या साष्टीत, मराठी ओव्यांत ख्रिस्तकथा रचली आणि १६१६ साली ती राशोलला छापली. मडगावहून किती लांब आहे राशोल? असो, विषय तो नाही.

बरणीचं राहिलं. वर्षाच्या मीसेला पाद्री आले, सगे आले, आणि आंटींनी ती बरणी उघडली. पहिली फोड स्वतः चाखली. तोंड वाकडं केलं. “मीठ चड जालां,” म्हणाल्या. त्या दिवशी बहुतेक दोनदा पडलं होतं. म्हणाल्या आणि रडायला लागल्या, वर्षभरात आमच्यासमोर पहिल्यांदा. कोणीही त्यांना थांबवलं नाही. पाद्रींनी पेजेचं ताट पुढे केलं, मिस्कूट मागितलं. दुपारपर्यंत बरणी रिकामी झाली होती.

नमस्कार.