लॉकडाऊनमधल्या आयपॅडवर नवं अपडेट टाकायचं का?

नमस्कार मंडळी! २०२० साली, लॉकडाऊनमध्ये, मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी अनेक घरांत आयपॅड आला. त्यातला एक म्हणजे हा, आठव्या पिढीचा. (आयपॅड कॅमेऱ्यासमोर) १०.२ इंचाचा स्क्रीन, खाली गोल होम बटण, आत ए१२ चिप, ३ जीबी रॅम. सगळ्यात स्वस्त मॉडेल घेतलं असेल, तर जागा फक्त ३२ जीबी. शाळा कधीच परत सुरू झाली. आयपॅड आता आजी-आजोबांकडे असतो, नाहीतर स्वयंपाकघरात रेसिपी बघायला. चांगला चालतोय. आणि सेटिंग्ज उघडलं की तिथे लाल रंगात १ दिसतो: आयपॅडओएस २६ घ्या. आयपॅडओएस म्हणजे आयपॅडची ऑपरेटिंग सिस्टिम, ज्यावर सगळी अ‍ॅप्स चालतात.

घ्यायचं का? माझं मत आधीच सांगते. घ्या, पण उशिरा घ्या. नवीन आवृत्ती आली त्या आठवड्यात जुन्या टॅबवर टाकू नका, आणि "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" म्हणून वर्षानुवर्षं टाळूही नका. दोन्हीमागे ठोस कारणं आहेत.

आधी उशिरा का, ते बघू. आयपॅडवर एकदा पुढे गेलात की मागे येता येत नाही. सिस्टिम इन्स्टॉल होताना तुमचा आयपॅड अ‍ॅपलच्या सर्व्हरला विचारतो, "ही आवृत्ती टाकू का?" सर्व्हरने डिजिटल सही दिली तरच काम पुढे सरकतं. नवीन आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत अ‍ॅपल जुनीला सही द्यायचं थांबवतं. मग तुम्ही कितीही म्हणालात की मला माझं जुनंच हवंय, तरी ते मिळत नाही. त्यात अजून एक अडचण आहे. नव्या आवृत्तीत घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर उतरत नाही. म्हणून परतायची वाट उघडी असते त्या थोड्या दिवसांतही मधल्या काळातलं सगळं परत आणता येईलच असं नाही.

आणि पहिली आवृत्ती ही पहिलीच असते. आयपॅडओएस २६चंच बघा. १५ सप्टेंबर २०२५ला ते आलं, तेव्हा स्लाइड ओव्हर काढून टाकलं होतं. स्लाइड ओव्हर म्हणजे कडेने आत ओढून घ्यायची ती छोटी खिडकी. कित्येकांची रोजची सवय होती ती, एका रात्रीत गेली. लोकांनी ओरड केली, आणि नोव्हेंबरमध्ये २६.१ बरोबर ती परत आली, थोड्या बदललेल्या रूपात. त्याच २६.१मध्ये काचेसारखा पारदर्शक दिसणारा नवा देखावा जरा गडद करायची सोयही दिली. जे दोन महिने थांबले, त्यांना यातलं काहीच सोसावं लागलं नाही. जुन्या टॅबसाठी माझा नियम हाच आहे: दशांशानंतर किमान १, शक्यतो २ दिसेपर्यंत थांबायचं.

थांबायचं म्हटल्यावर एक गोष्ट लगेच करून टाका. सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, त्यात ऑटोमॅटिक अपडेट्स. (स्क्रीन दाखवा) इथलं आपोआप इन्स्टॉल होणं बंद करा. नाहीतर रात्री चार्जिंगला लावलेला आयपॅड तुमच्या वतीने निर्णय घेऊन मोकळा होईल. मात्र हे बंद केलंत, तर छोटी सुरक्षा अपडेट्स स्वतः बघून टाकायची जबाबदारी तुमची. मुख्य आकडा तोच राहून फक्त दशांशानंतरचा बदलतो, ती बहुतेक वेळा भोकं बुजवणारी असतात. त्यांना थांबवून ठेवू नका. तुम्ही २६च्या आधीच्या आवृत्तीवर, म्हणजे १८वर असाल, तर याच पानावर खाली "ऑल्सो अव्हेलेबल" असा भाग दिसतो का बघा. १८साठी काही आलं असेल, तर ते तिथे असतं.

पण १८वर कायम राहता येईल असं धरून चालू नका. २०२१मध्ये आयओएस १५ आलं (आयओएस म्हणजे आयफोनची सिस्टिम, २०१९पर्यंत आयपॅडवरही हीच असायची), तेव्हा अ‍ॅपलने सांगितलं होतं की १४वरच राहा, सुरक्षा अपडेट्स मिळत राहतील. जानेवारी २०२२ येईपर्यंत ते बंद झालं होतं. ज्या यंत्राला नवीन आवृत्ती चालते, त्याला जुनीची मलमपट्टी फार काळ मिळत नाही.

आता दुसरी बाजू, कायमचं टाळण्याची. हे मला जास्त तळमळीने सांगायचंय, कारण त्याचं नुकसान लगेच दिसत नाही.

तुम्ही कुठलीही वेबसाइट उघडता, तेव्हा ती आधी तुमच्या टॅबला एक प्रमाणपत्र दाखवते. ते खरं की खोटं, हे टॅब स्वतःजवळच्या यादीवरून ठरवतो. ती यादी ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था जगभरातल्या असंख्य साइट्सना ही प्रमाणपत्रं फुकट देते. तिचा भार ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर होता, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ला संपली. त्याच्या जागी जे आलं, ते आयओएस १०पासूनच्याच यादीत आहे. म्हणजे ज्यांनी चौथ्या पिढीचा आयपॅड, "९वर छान पळतोय" म्हणून, मुद्दाम ९वरच ठेवला होता, त्यांच्या सफारीत त्या दिवसापासून साइटमागून साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणायला लागली. यंत्र धडधाकट, इंटरनेट चालू, आणि साइट उघडत नाही. त्यांच्यासाठी आयओएस १० पाच वर्षं तयार होतं, त्यांनी घेतलं नव्हतं. आयपॅड २वाल्यांच्या हातात तर काहीच नव्हतं, कारण त्याची मजल ९पर्यंतच.

अ‍ॅप्सचंही असंच होतं. व्हॉट्सअ‍ॅप आयपॅडसाठी मे २०२५मध्ये आलं. परदेशात असलेल्या लेकीशी मोठ्या स्क्रीनवर बोलता यावं म्हणून किती घरांत त्याची वाट बघत होते! २०१३चा पहिला आयपॅड एअर आयओएस १२वर थांबलेला, त्याला ते मिळालं नाही. बँकेची अ‍ॅप्स तर याहून कडक असतात. आणि ज्या टॅबला सुरक्षा अपडेट्स येणं थांबलंय, त्यावर बँकेचं अ‍ॅप नकोच. कुणी कितीही म्हणो की मला आजवर काही झालं नाही.

याला अपवाद एकच, आणि तो मला मनापासून मान्य आहे. टॅबला एकच काम असेल आणि ते इंटरनेटशिवाय होत असेल, तर आहे तसाच ठेवा. आमच्या ओळखीत रियाजाला बसताना जुन्या आयपॅडवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावणारी मंडळी आहेत. २०१७मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२-बिटची, म्हणजे आधीच्या पिढीच्या चिपसाठी बांधलेली, सगळी जुनी अ‍ॅप्स चालायची थांबली. ज्या अ‍ॅपच्या निर्मात्याने ते पुढे बांधलं नाही, ते अ‍ॅप गेलं. आवडीचं अ‍ॅप असं अनाथ असेल, तर विमान मोड लावा, वाय-फाय बंद ठेवा आणि खुशाल गा.

परत आपल्या आठव्या पिढीकडे. २६ जिथे जिथे चालतं त्या आयपॅडच्या यादीत ए१२ ही सगळ्यात जुनी चिप. म्हणजे आपण यादीच्या शेवटच्या पायरीवर उभे आहोत. दिसायला हुबेहूब असाच असलेला सातव्या पिढीचा आयपॅड, ए१० चिपचा, १८वरच थांबला. तुमचा कुठला, हे बाहेरून कळणार नाही. सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे मॉडेलचं नाव लिहिलेलं असतं. नवीन आवृत्तीतलं काय मिळेल? मॅकसारख्या खिडक्या मिळतील, पण ३ जीबी रॅमवर दोनापेक्षा जास्त उघडायचा आग्रह धरू नका. अ‍ॅपल इंटेलिजन्स, म्हणजे अ‍ॅपलच्या एआयच्या सोयी, मिळणार नाहीत. त्यांना किमान एम१ किंवा ए१७ प्रो चिप लागते. त्यामुळे जाहिरातीत जे बघितलं त्यासाठी अपडेट करत असाल, तर थांबा. सुरक्षेसाठी आणि अ‍ॅप्स चालू राहावीत म्हणून करत असाल, तर करा.

खरी कटकट असते ३२ जीबीची. आयपॅडवरच अपडेट उतरवलं, तर ते उतरायला जागा लागते आणि उलगडायला आणखी लागते. म्हणून फोटो पुसत बसण्यापेक्षा आयपॅड केबलने कॉम्प्युटरला लावा. मॅकवर फाइंडरमध्ये, विंडोजवर अ‍ॅपल डिव्हायसेस किंवा आयट्यून्समध्ये. अपडेटची फाइल मग कॉम्प्युटरवर उतरते आणि आयपॅडवर बरीच कमी मोकळी जागा पुरते. आणि तिथेच, अपडेटच्या आधी, पूर्ण बॅकअप घ्या. आयक्लाउडवर फुकट मिळतात ५ जीबी, त्यात पाच वर्षांचे फोटो मावत नाहीत. बॅकअप घेताना "एन्क्रिप्ट" वर खूण करा, म्हणजे साठवलेले पासवर्डही त्यात येतात. त्याला जो पासवर्ड द्याल तो कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो विसरलात तर तो बॅकअप उघडता येत नाही. अ‍ॅपल आयडीचा पासवर्डही आधी तपासून घ्या. अपडेटनंतर तो विचारला जाऊ शकतो, आणि ज्या मुलाने २०२०मध्ये आयडी काढला तो आता हॉस्टेलवर असतो.

आणि माणसांचं बघा. मुलीची ऑनलाइन टेस्ट उद्या असेल, तर आज अपडेट नको. आजीचा टॅब असेल, तर तुम्ही सुट्टी संपवून निघायच्या आदल्या रात्री तर मुळीच नको. बटणं हलतात, रंग बदलतात, आणि तिला वाटतं आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. मग ती तो हातात घ्यायचंच सोडून देते. हे मी घराघरांत बघितलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तुम्ही चार दिवस घरी असाल तेव्हा करा, पहिल्याच दिवशी करा. सेटिंग्जमध्ये मल्टिटास्किंगखाली "फुल स्क्रीन अ‍ॅप्स" निवडून द्या, म्हणजे चुकून खिडक्या पसरणार नाहीत. तिच्या शेजारी बसा आणि व्हिडिओ कॉल तिलाच लावू द्या.

अँड्रॉइड टॅबवाल्यांचं थोडक्यात. तुमच्याकडे प्रश्न बहुधा उलटा असतो, अपडेट येतच नाही. सॅमसंगचा २०२०चा टॅब ए७ अँड्रॉइड १०वर आला आणि १२वर थांबला. अबाउट टॅबलेटमध्ये सुरक्षा पॅचची तारीख बघा. ती वर्ष-दोन वर्षं जुनी असेल, तर त्यावर पैशांचे व्यवहार थांबवा. क्रोमची १३९ ही आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली, ती अँड्रॉइड १०पासून पुढेच चालते. ८ किंवा ९वर असाल, तर तुमचा क्रोम १३८वर थांबलाय. अँड्रॉइड १० किंवा पुढे असाल, तर सेटिंग्जमधलं गूगल प्ले सिस्टिम अपडेटही बघा. कंपनीने हात वर केले तरी काही दुरुस्त्या त्या वाटेने येऊ शकतात. बाहेरचा रॉम, म्हणजे कंपनीऐवजी दुसऱ्या कुणी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती, टाकायचा सल्ला मी सरसकट देणार नाही. त्यासाठी आधी टॅबचं बूटलोडर, म्हणजे सुरू होताना सिस्टिम चढवणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप, उघडावं लागतं, त्यात सगळा डेटा पुसला जातो, आणि नंतर बँकेची अ‍ॅप्स अनेकदा चालत नाहीत.

शेवटी, अपडेट झाल्यानंतरचं. पहिले एक-दोन दिवस आयपॅड गरम होईल, बॅटरी पटकन उतरेल, टाइप करताना अक्षरं मागून येतील. मागे फोटोंची आणि फाइलींची नव्याने छाननी चालू असते, ती पुरी होऊ द्या. रात्रभर चार्जरला आणि वाय-फायला लावून ठेवा. तरीही जड वाटलं, तर सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ, तिथे "रिड्यूस ट्रान्स्परन्सी" चालू करा. मोशनमध्ये "रिड्यूस मोशन" चालू करा. ती काच आणि ती हालचाल रंगवायला चिपला कष्ट पडतात. मग आयपॅड पूर्ण बंद करून चालू करा, आणि जनरलमध्ये आयपॅड स्टोरेज उघडून किती जागा मोकळी आहे ते बघा. ३२ जीबीच्या टॅबवर ४-५ जीबी तरी रिकामी ठेवाच.