हुकूम सुटतो कधी, पोहोचतो कधी

१६ जून १८१५च्या दुपारी, वॉटर्लूच्या दोन दिवस आधी, नेपोलियनचा सेनानी देर्लाँ याची कोर (मोठी सैन्यतुकडी), जवळपास २०,००० माणसं, कात्र ब्रा आणि लिन्यी या दोन रणांगणांमध्ये हेलपाटे घालत राहिली आणि एकाही लढाईत धड उतरली नाही. नेपोलियनच्या बाजूने तिला वळवलं, कात्र ब्राला लढणाऱ्या मार्शल नेयने परत बोलावलं. बोर्डवर हे घडवायचं तर बहुतेक वॉरगेमची, म्हणजे लढाया खेळायच्या बोर्डगेमची, पंचाईत होते. खेळाडूला वरून सगळं दिसतं, आणि प्रत्येक काउंटर (तुकडीची सोंगटी) त्याच्याच हाताने सरकतो.

सोपा उपाय म्हणजे पल्ला. सेनानीपासून ठरावीक हेक्सच्या (बोर्डवरच्या षटकोनी घरांच्या) आत असलेली तुकडी हलते, बाहेरची अडकते. नियम झटपट चालतो, पण खेळाडू लगेच हेक्स मोजून सेनानी मधोमध बसवतो. देर्लाँ कधीच भरकटत नाही.

केव्हिन झुकर यांच्या १९७८च्या ‘नेपोलियन ॲट बे’मध्ये प्रशासकीय गुण खर्च केले तर फौज हलते. नाहीतर फासा सेनानीच्या इनिशिएटिव्हइतका (स्वतःहून हलण्याच्या क्षमतेच्या आकड्याइतका) किंवा त्याहून कमी पडावा लागतो. इनिशिएटिव्ह २ असेल तर लागोपाठ तीन खेळ्या जागीच बसण्याची शक्यता २७त ८, म्हणजे ३० टक्क्यांच्या आसपास. मला हे पल्ल्यापेक्षा खरं वाटतं. पण इथे उशीर होतो तो फाशामुळे. अंतराचा त्यात वाटा नाही.

अंतर आणायचं तर लेखी हुकूम हवेत. हेक्स ५०० मीटरचा आणि खेळी एका तासाची धरू. घोडेस्वार रस्त्याने तासाला साधारण ८ किलोमीटर जातो, म्हणजे खेळीला १६ हेक्स. चिठ्ठीवर कोर, ठिकाण आणि काम लिहा. रस्त्याने अंतर मोजून पोहोचण्याची खेळी बाहेरच्या बाजूला लिहा, चिठ्ठी घडी करून ठेवा. ती खेळी आली की उघडा आणि इनिशिएटिव्हचा फासा टाका. फसला तर पुढच्या खेळीत पुन्हा. तोवर जुनाच हुकूम चालू. एका खेळीत मुख्यालयातून दोनच चिठ्ठ्या. १८१५त हुकूम लिहून पाठवणारा नेपोलियनचा मुरब्बी चीफ ऑफ स्टाफ बर्तिए नव्हता, त्याच्या जागी सुल्त होता, हे लक्षात ठेवा!

गडबड होते ती इथे. ‘मदत करा’ असं मोघम लिहिलं की खेळाडू सोयीचा अर्थ काढतो, म्हणून गाव किंवा हेक्स क्रमांक लिहायलाच लावा. हल्ला झालेल्या कोरला लढायला आणि माघार घ्यायला चिठ्ठी लागू नये, नाहीतर माणसं उभ्या उभ्या मरतात. आणि चिठ्ठी वाटेत असताना कोर पुढे सरकली तर? नव्या अंतराचा फरक मोजून उशीर वाढवा. हे बहुतेक जण विसरतात, आणि प्रशियनांच्या मागावर पाठवलेल्या मार्शल ग्रुशीचं सगळं गणित त्यावरच आहे. १८ जूनला दुपारी एकच्या सुमारास निघालेला हुकूम त्याला मिळाला तेव्हा चार वाजून गेले होते. तोवर तो वाव्रला प्रशियन सेनानी टीलमानच्या कोरशी गुंतलेला होता.

देर्लाँसाठी आणखी एक कलम लागतं. नेपोलियनला नेयला वगळून थेट कोरला लिहिता येईल, पण नेयचा आधीचा हुकूम रद्द होत नाही. दोन चिठ्ठ्या परस्परविरोधी असतील तर जी नंतर पोहोचेल ती चालते, आणि वळायला अर्धी खेळी जाते. नेयच्या खेळाडूला मात्र नेपोलियनच्या चिठ्ठीची प्रत दाखवायची नाही. कोर निघून गेल्याचं त्याला बोर्डवरच कळू दे.