जुन्या लाकडाचा नवा भाव

नमस्कार मंडळी. विषय सगळ्यांच्या घरातला आहे म्हणून सरळ मुद्द्यावरच येते. आजकाल आपल्या नागपुरात चांगल्यापैकी फर्निचरच्या शोरूममध्ये गेलं की एक कोपरा 'रिक्लेम्ड वूड'चा, म्हणजे जुन्या घरांतून काढलेल्या लाकडाचा असतो. तिथे सहा जणांचं डायनिंग टेबल असतं, वर खिळ्यांची भोकं दिसतात, कडेला भेग असते, आणि पाटी सव्वा लाखाची. मी इंटिरियरचं काम करते त्यामुळे लोक मलाच विचारतात, ताई, लाकूड जुनं ना, कोणाच्या तरी घरातून निघालेलं, मग नव्यापेक्षा महाग कायले?

प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर एका वाक्यात 'लुटून राहिले' असं देता येत नाही, कारण त्या किमतीतला काही भाग खरोखर कष्टाचा आहे. तो आधी सांगते.

जुन्या घरातून निघालेली सागवानाची तुळई सुताराच्या पुढ्यात येते तेव्हा ती लाकूड कमी आणि खिळ्यांचं घर जास्त असते. प्रत्येक पिढीने तिच्यात काहीतरी ठोकलेलं असतं, पाळण्याची कडी, पंख्याचा हूक, वायरिंगच्या पट्ट्या, कॅलेंडरचे खिळे. वर दिसणारे निघतात. डोकं तुटून आत राहिलेले असतात ते खरा त्रास, कारण करवतीचं पातं एका अशा खिळ्यावर गेलं की दात उडतात आणि पातं धारेला पाठवावं लागतं. म्हणून सुतार आधी ब्रशने माती काढतो, मग लोहचुंबक किंवा मेटल डिटेक्टर इंचाइंचाने फिरवतो, जिथे ओढ लागते तिथे खडूने गोल करतो आणि छोट्या पटाशीने कोरून खिळा बाहेर काढतो. एका तुळईवर दिवस जातो हो. मग रंधा मारला की ती काळी पडलेली वस्तू एकदम सोनेरी तपकिरी निघते आणि सागाचा तो तेलकट वास अख्ख्या शेडमध्ये पसरतो. पण टोकं भिंतीत असतात ती बहुतेक कुजलेली, मधे खाचा, कुठे वाळवीने खाल्लेलं, त्यामुळे बरंच लाकूड फुकट जातं.

आता हिशोब करू. सहा फूट बाय तीन फूट टेबल, दीड इंच जाडीचा वरचा भाग, म्हणजे सव्वादोन घनफूट. तीन बाय तीन इंचाचे चार पाय आणि खालची फ्रेम मिळून अजून एक घनफूट. झालं सव्वातीन. जुन्या लाकडाची घट धरून आपण पाच घनफूट घेऊ. भाव जागेवर आणि प्रतीवर बदलतो, पण हिशोबाला सोपं म्हणून घनफुटाला चार हजार धरा, लाकडाचे झाले वीस हजार. खिळे काढणं, कापणं, जोडणं, पॉलिश, याचे अजून वीस धरा, आणि मी हे हात सैल सोडून धरून राहिले. चाळीस हजार. सव्वा लाखात 18 टक्के जीएसटी आत असेल तर ते 19 हजार. एकोणसाठ झाले. वरचे सहासष्ट हजार कुठे गेले? त्यात शोरूमचं भाडं आहे, न खपलेल्या मालाचा बोजा आहे, कधी कधी माझ्यासारख्या इंटिरियरवाल्यांचं कमिशनही असतं, हे गिऱ्हाइकाला माहीत पाहिजे म्हणून मी उघड सांगते. आणि उरलेली किंमत गोष्टीची असते. 'हे दार एका जुन्या हवेलीचं आहे.' कोणत्या हवेलीचं, कोणत्या गावातलं, विचारा, उत्तर येत नाही.

ही फॅशन आपल्याकडे आली ती बाहेरून. अमेरिकेत जुन्या धान्याच्या कोठारांचं लाकूड लोक मोठ्या किमतीला घेतात, आणि तिथे त्याला एक खरं कारणही आहे. त्यांच्याकडे चेस्टनट नावाचं झाड होतं, 1904 साली न्यूयॉर्कमध्ये त्यावर एक बुरशीचा रोग सापडला आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत त्या जातीची अब्जावधी झाडं गेली. आता त्या जातीच्या मोठ्या झाडाची जुनी फळी मिळते ती बहुतेक कोठारातूनच, म्हणून ती महाग. आपण त्यांचा भाव उचलला, त्यामागचं कारण नाही उचललं. आपलं सागवान संपलेलं नाहीये. बल्लारशा आपल्यापासून दोनेकशे किलोमीटर, तिथल्या डेपोत आजही लिलाव होतात, 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी लाकूड तिथूनच गेलं, त्याच वर्षी उघडलेल्या नव्या संसद भवनातही नागपूरचं सागवान लागलं. आणि आपल्या नागपुरातली लकडगंज वस्ती तर नावातच लाकूड घेऊन बसलीये.

मग जुन्या सागाला काही अर्थ नाही का? आहे, आणि भरपूर आहे. पूर्वी जंगलातलं झाड सावकाश वाढून मोठं झाल्यावर तुटायचं, त्यामुळे आतला गाभा भरपूर. सागाला वाळवीपासून वाचवणारी द्रव्यं या गाभ्यात असतात, बाहेरच्या पांढऱ्या भागात नाहीत. आजचं शेतातलं पंधरा-वीस वर्षांत तोडलेलं साग पाहा, त्यात पांढरं जास्त. शिवाय जुन्या लाकडाने आपला मे महिना आणि आपला पावसाळा पन्नास-पन्नास वेळा पाहिलेला असतो, जेवढं वाकायचं तेवढं ते वाकून बसलेलं असतं. या गुणासाठी दोन पैसे जास्त दिले तर मी कधीच नको म्हणणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे, त्या किमतीत भलतंच लाकूड विकल्या जाऊन राहिलं याची. बुटीबोरीसारख्या एमआयडीसीत मशिनरी ज्या पेट्यांतून आणि पॅलेटवरून, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी पाटांवरून येते ते बहुतेक पाइनचं हलकं लाकूड, तेही रिक्लेम्डच्या नावाखाली खपतं. पॅलेट स्वस्त कामाला उत्तम आहे, फक्त त्यावरचा शिक्का बघा. एचटी असेल तर लाकूड तापवून कीड मारलीये, 56 डिग्री गाभ्यापर्यंत अर्धा तास असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते घरात आणू नका. दुसरा प्रकार म्हणजे नवंकोरं आंब्याचं लाकूड साखळीने ठोकून, जाळून, रंग चढवून जुनं केलेलं. ओळखायचं असेल तर टेबलाखाली वाका आणि मागची बाजू बघा. खऱ्या जुन्या लाकडात खिळ्याच्या भोकाभोवती गंजाचा काळा डाग लाकडात आतपर्यंत मुरलेला असतो, नुसत्या ड्रिलच्या भोकाला तो नसतो. आणि टेबल उचलून बघा, पाइन हातालाच हलकं लागतं.

रेल्वेच्या जुन्या स्लीपरबद्दल तर हात जोडून सांगते. बऱ्याच स्लीपरना क्रिओसोट पाजलेलं असतं, डांबरासारखं तेल, ते कॅन्सरकारक मानलं जातं, उन्हात परत बाहेर येतं आणि आपल्या नागपूरच्या उन्हात तर येणारच. त्याचा बेंच, त्याचं जेवणाचं टेबल कृपा करून करू नका, कितीही सुंदर दिसलं तरी. तसंच जुन्या दारांवरचा रंग. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या वर नको हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात किती असेल कोणी सांगावं. 'ओरिजनल पेंट' म्हणून जे पोपडे आलेलं दार विकतात ते लहान मुलांच्या खोलीत नको, आणि घरी कोरडा सँडपेपर मारून तो रंग काढायचाही नाही, ती धूळ पोटात जाते.

आता जे सांगायला मी खरं तर आले ते. महाल, इतवारी या आपल्या जुन्या वस्त्यांत जुनी घरं पाडल्या जाऊन राहिली, फ्लॅट स्कीम येते, भावंडांत वाटण्या होतात, ते थांबवायला मी सांगत नाहीये. पण पाडकामाचा सौदा होतो उक्ता. ठेकेदार म्हणतो, मी घर पाडून जागा साफ करून देतो, मलबा माझा, वरून इतके देतो. आणि आपण हो म्हणतो. त्या मलब्यात काय काय जातं ते मोजा जरा. बारा फुटाची आठ बाय आठ इंचाची एक तुळई म्हणजे सव्वापाच घनफूट. म्हणजे आत्ता आपण ज्या टेबलाचा हिशोब केला त्याचं सगळं लाकूड एका तुळईत बसलं. दोन मजली घरात अशा कितीतरी तुळया असतात, वर कड्या, पाट, खांब, चौकटी, जिना. हे सगळं विटांच्या चुऱ्यासोबत एका आकड्यात जातं आणि त्याच घरातली सून दोन वर्षांनी नव्या फ्लॅटसाठी सव्वा लाखाचं टेबल बघायला येते. मी हे बघितलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण आजोबांनी ते लाकूड निवडून आणलं होतं, कोणी फुकट दिलं नव्हतं.

म्हणून घर पाडायच्या आधी लाकूड वेगळं मोजा. ठेकेदाराच्या कागदावर 'लाकूड मालकाचं' ही एक ओळ लिहून घ्या आणि वरून मिळणारे पैसे कमी झाले तरी चालू द्या. चौकट अख्खी काढायला सांगा, पहारीने फोडून नाही, आणि जोडांवर नंबर टाका. कोरीव काम शंभर वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरू शकतं, परदेशातला गिऱ्हाईक मिळाला म्हणून कोणी ते बाहेर पाठवू नये. लाकूड ठेवायला जागा नसेल तर तुमच्या ओळखीच्या सुतारभाऊंना विचारा, ते विकत घेतील किंवा तुमच्यासाठी टेबल, पलंग, देवघर करून देतील, आणि मजुरी मागतील ती घासाघीस न करता द्या. एक दिवस त्यांना सोबत घेऊन घरभर फिरा, टेप आणि वही घेऊन. त्या दिवसाची पूर्ण मजुरी दिली तरी ती एका तुळईच्या किमतीच्या आतच बसते.